आधी शिक्षक, मग शाळा
(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनाची ओळख)

शाळा कशाने बनते, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण सहज म्हणतो, इमारतीने. चार भिंती, वर छप्पर, फळा, बाके आणि पुढे मैदान. संस्थेचे वार्षिक हिशेब पाहिले तरी सर्वात मोठा आकडा बांधकामाचाच असतो. परंतु ज्याने आयुष्यात कोणाकडून तरी खरोखर काही शिकून घेतले आहे, त्याला विचारा. तो इमारतीचे नाव घेणार नाही. तो एका शिक्षकाचे नाव घेईल. शाळा म्हणजे शिक्षक होय. आणि शिक्षक मनापासून शिकवितो की दिवस ढकलतो, हे पुष्कळ अंशी त्या शाळेचा कारभार कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते.

ही गोष्ट महाराष्ट्रात ज्या माणसाने सर्वात आधी ओळखली आणि प्रत्यक्ष आचरणात आणली, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आज आपल्या संस्थेच्या पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचे आहे. ते मुसलमान नव्हते. एका जैन शेतकरी घराण्यात त्यांचा जन्म झाला. तरीही मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत त्यांचे स्थान आहे, कारण गरीब व मागे राहिलेल्या समाजाने स्वतःच्या बळावर शिक्षण कसे उभारावे याचा इतका पूर्ण धडा दुसऱ्या कोणाच्या चरित्रात क्वचितच सापडेल.

बालपण आणि कोल्हापूरचे संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते, आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलाचे बालपण एका गावी गेले नाही. लहानपणापासून स्वभाव बंडखोर. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांचे चरित्रकार सांगतात.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले व राजाराम हायस्कुलात दाखल झाले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये होती. त्या काळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. निरनिराळ्या समाजांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून त्यांनी एकामागून एक वसतिगृहे उभी करविली. मुसलमान मुलांसाठी १९०६ साली जी शिक्षणसंस्था कोल्हापुरात निघाली, तिच्या पाठीशीही महाराज स्वतः उभे राहिले होते, ही गोष्ट आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावी. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला तरुण भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आंघोळ करून शुद्ध व्हावे अशी अपेक्षा होती. त्यांनी साफ नकार दिला. परिणामी बोर्डिंग सोडावे लागले. अभ्यासातही गती बेताचीच होती. ज्या माणसाने पुढे हजारो पदवीधर घडविले, तो स्वतः मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत पोहोचला नाही. परंतु कोल्हापूरने त्यांना एक गोष्ट शिकविली. गरिबाच्या मुलाची बुद्धी कमी नसते. त्याला शहरात डोके टेकायला जागा नसते आणि दोन वेळचे जेवण नसते. ती सोय करा, मग पाहा.

पाटील मास्तर

कोल्हापूर सोडल्यावर भाऊराव साताऱ्यास आले व खाजगी शिकवण्या करू लागले. स्वतः परीक्षेत मागे पडलेला हा माणूस शिकविण्यात मात्र असा तयार निघाला की गावात पाटील मास्तर या नावाने त्यांची ख्याती झाली. शिक्षक होण्यासाठी ज्ञान लागते हे खरे, पण समोरच्या मुलाला नेमके कोठे अडते हे कळणे त्याहून जास्त लागते. जो स्वतः अडखळला आहे त्याला ते लवकर कळते.

ह्याच सुमारास, १९१०च्या आसपास, त्यांनी काही मित्रांच्या साहाय्याने दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्याच्या कामात भाग घेतला. पुढे जे मोठे झाड वाढले त्याचे हे रोप होते.

१९१४ साली त्यांच्यावर मोठा प्रसंग गुदरला. कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. ह्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला व भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी असा दबाव आला. हे लठ्ठे म्हणजे जैन बोर्डिंगचे पूर्वीचे प्रमुख. ज्या बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावे लागले होते, त्याच बोर्डिंगचे. मनात राग ठेवणाऱ्या माणसाला सूड घेण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यासाठी त्यांना तुरुंगवास व अमानुष छळ सोसावा लागला. अन्याय करणाऱ्याविरुद्धही खोटे बोलायचे नाही, ही सचोटी पुढे त्यांच्या संस्थेचे खरे भांडवल ठरली. लोक त्यांच्या झोळीत डोळे मिटून पैसा टाकीत, त्याचे कारण हेच.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम केले. पुढे साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. नांगर विकण्यासाठी खेडोपाडी हिंडावे लागे. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे, त्याला नवा नांगर समजावून सांगावा, असा हा धंदा. ह्या फिरतीत त्यांनी बहुजन समाजाचे अज्ञान जवळून पाहिले. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणारा शेतकरी नव्या नांगराने चार मण धान्य जास्त पिकवील, पण ते त्याच्या घरात राहणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ते सत्यशोधक समाजाच्या कार्यात पूर्वीच ओढले गेले होते. आता काय करायचे हे निश्चित झाले.

रयत शिक्षण संस्था

४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत हा शब्द मराठीने इतका आपलासा केला आहे की तो मूळचा अरबी आहे हे आपण विसरतो. ज्यांची राखण करण्याची जबाबदारी कोणावर तरी आहे, ते लोक म्हणजे रयत. प्रत्येक माणूस कोणाचा तरी राखणदार आहे आणि आपल्या ताब्यातील माणसांबद्दल त्याला जाब द्यावा लागणार आहे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. भाऊरावांनी नाव ठेवताना शेतकरी आणि कष्टकरी डोळ्यांपुढे ठेवले असतील. परंतु राखणदाराची ही जबाबदारी त्यांनी शब्दशः पाळली.

१९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास हलले. तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. त्या काळी प्रत्येक जातीचे वेगळे बोर्डिंग असे. शाहू महाराजांनाही तो मार्ग पत्करावा लागला होता. भाऊरावांनी मात्र मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान असा भेद न ठेवता सर्व मुले एका पंगतीला बसविली. मुलेच स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, लाकडे फोडीत, शेतात राबत. धान्य गावोगावच्या लोकांनी मुठी-मुठीने दिलेले असे. फी नव्हती, पण फुकटचे खाणेही नव्हते. कमवा आणि शिका ह्या योजनेचे मूळ येथेच आहे.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते ह्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. गांधीजींना जे मोठ्या कष्टाने लोकांना पटवून द्यावे लागत होते, ते येथे मुलांच्या पंगतीत रोज घडत होते.

ह्या पंगतीमागे एक बाई होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. कर्मठ वातावरणात वाढलेल्या ह्या माउलीने सर्व जातींची मुले पोटच्या पोरांप्रमाणे सांभाळली. मुले त्यांना वहिनी म्हणत. भाऊराव फिरतीवर असताना कोठीत धान्य संपले, की वहिनींनी अंगावरचा एकेक दागिना काढून द्यावा. शेवटी मंगळसूत्रही विकले. हिंदू-जैन समाजातील सौभाग्यवती स्त्रीला मंगळसूत्र काय असते, हे वेगळे सांगायला नको. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेच्या प्रमुखाने व त्याच्या घरातल्यांनी आधी स्वतःचे दिले आणि मग दुसऱ्यांकडे मागितले, हे येथे ठळकपणे नोंदवावेसे वाटते. पुढे शेकडो शिक्षक थोड्या पगारावर ह्या संस्थेत राबले, ते कोणाच्या भाषणामुळे नाही. ह्या मंगळसूत्राची हकीगत त्यांना ठाऊक होती.

शिक्षकांपासून सुरुवात

आता ह्या चरित्रातील सर्वात महत्त्वाच्या भागाकडे येऊ.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षणाविषयी निवेदन सादर केले होते. सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर पैसा खर्च करते आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड करते, अशी त्यांची तक्रार होती. तीवर त्यांनी उपायही सुचविले होते. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना नीट प्रशिक्षण मिळावे, आणि त्यांचे पगार वाढवावेत. म्हणजे प्राथमिक शाळेचा विचार करताना जोतीरावांनी इमारतीच्या आधी शिक्षकाचा विचार केला. पगार कमी व मान कमी असला की चांगला माणूस ह्या पेशाकडे फिरकत नाही, आणि आला तरी टिकत नाही, हे त्यांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

भाऊराव हे जोतीरावांच्या सत्यशोधकी परंपरेतले. त्यांनी कोणत्या क्रमाने संस्था उभारल्या ते पाहा. १९१९ साली संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह झाले. त्यानंतर कोणालाही वाटेल की आता हायस्कूल काढावे. हायस्कुलाला मान असतो, पुढाऱ्यांना ते आवडते, पालकही तेच मागतात. भाऊरावांनी १९३५ साली काढले ते प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय. त्याचे नाव सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज. पुढे स्त्रीशिक्षिकांसाठी जिजामाता यांच्या नावाने असेच विद्यालय निघाले. संस्थेचे पहिले हायस्कूल १९४० साली आले. कॉलेज तर १९४७ साली.

हा क्रम योगायोगाने झालेला नाही. खेड्यात शाळा काढायची तर तेथे जाऊन राहील, चिखल तुडवील, शेतकऱ्याच्या घरची भाकरी आनंदाने खाईल असा शिक्षक हवा. शहरातला माणूस बदली होऊन खेड्यात गेला की त्याचे लक्ष परतीच्या बदलीकडे लागलेले असते. भाऊरावांनी खेड्यातलीच हुशार मुले निवडली. वसतिगृहात त्यांच्या हाताला कामाची सवय लागलेली होती, जातीचा अभिमान गळून पडलेला होता. त्यांना शिक्षणशास्त्र शिकवून पुन्हा खेड्यात पाठविले. अशा शिक्षकाला खेडे ही शिक्षा वाटत नाही. ते त्याचे घरच असते.

व्हॉलंटरी शाळा

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे खाजगी संस्थांनी व्हॉलंटरी म्हणजे स्वेच्छेच्या प्राथमिक शाळा काढाव्यात व सरकारने त्यांना थोडे अनुदान द्यावे, अशी योजना निघाली. १९३८ सालापासून भाऊरावांनी ही योजना हाती घेतली. इतर संस्था विचार करीत राहिल्या. रयतेकडे मात्र माणसे तयार होती. दहा-अकरा वर्षांत त्यांच्या ५७८ शाळा झाल्या.

ह्या आकड्याकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहावे. एवढ्या शाळा म्हणजे एवढ्या इमारती नव्हेत. कोठे देवळात, कोठे चावडीत, कोठे एखाद्याच्या पडवीत शाळा भरे. पुष्कळ ठिकाणी एकच शिक्षक आणि त्याच्यापुढे तीन-चार इयत्तांची मुले. एका इयत्तेला उजळणी द्यावी, दुसरीला शुद्धलेखन घालावे, तिसरीला गणित समजावून सांगावे, आणि त्यातच एखादे पोर शेळी सोडून पळत आलेले असावे. पावसाळ्यात सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातली गावे तुटून जात. पगार तुटपुंजा. वर पाहायला मुख्याध्यापक नाही. अशा शिक्षकाने शाळा उघडलीच नाही तर कोणाला कळणार होते?

तरी शाळा चालल्या. का चालल्या, हे समजून घेणे आपल्या कामाचे आहे.

पहिले कारण, शिक्षकाची निवड. ज्याला हे काम मनापासून हवे होते अशाच मुलाला त्यासाठी घडविले गेले होते.

दुसरे कारण, त्याचे एकटेपण घालविले गेले. प्रशिक्षण घेताना सर्वजण एकत्र राहिले, एकत्र राबले. डोंगरावरच्या शाळेत एकटा असला तरी आपल्यासारखे शेकडो जण हेच काम करीत आहेत, हे त्याला माहीत होते. भाऊराव स्वतः अखंड फिरत. खांद्यावर घोंगडी, पांढरी दाढी आणि हातात काठी घेतलेला हा माणूस आपल्या शाळेत कधीही येऊन उभा राहील, ह्यात धाक होता तसाच आधारही होता.

तिसरे कारण, गाव त्या शाळेशी बांधले गेले. जागा गावाने दिली होती, धान्याची मूठ गावाने दिली होती. जी शाळा आपण उभी केली तिच्या मास्तराची विचारपूस गाव करतेच.

चौथे कारण सर्वात मोठे. शिक्षकाला आपण कशासाठी राबतो हे ठाऊक होते. ज्या गावात पिढ्यान् पिढ्या कोणी अक्षर वाचले नव्हते, तेथे एखादा मुलगा बापाला सावकाराचा कागद वाचून दाखवितो, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. शिक्षकाला ह्याहून मोठे बक्षीस नाही.

नाण्याची दुसरी बाजू

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा चरित्रातून काही चालक मंडळी सोयीचा अर्थ काढतात. शिक्षकाने त्याग करावा, पगाराची गोष्ट काढू नये, कारण भाऊरावांचे शिक्षक थोडक्यात भागवीत होते, असे ते म्हणतात. हा अर्थ चुकीचा आहे. भाऊरावांच्या संस्थेत त्याग वरून खाली आला. प्रथम वहिनींचे मंगळसूत्र गेले, मग शिक्षकाने पोटाला चिमटा घेतला. खालच्याने त्याग करायचा आणि वरच्याने सत्कार घ्यायचा, असा प्रकार तेथे नव्हता. शिवाय तुटपुंज्या पगाराची व्यवस्था कायमची असावी, असेही कोणी मानले नाही. ह्या प्राथमिक शाळा पुढे सरकारी शाळामंडळाकडे सोपविल्या गेल्या. मुलांना शिकविणे ही शेवटी राज्याची जबाबदारी आहे. संस्थेने वाट पाडून दिली.

उत्साहाने शिक्षक काही वर्षे उपाशीपोटी शिकवू शकतो, पण आयुष्यभर नाही. घरभाडे, आजारपण, मुलांचे शिक्षण हे त्यालाही चुकलेले नाही. योग्य वेतन ही पायाभरणी आहे. मात्र पाया घातला म्हणजे घर झाले असेही नाही. पूर्ण पगार घेणारा शिक्षकही कोमेजतो, जर त्याच्या कामाची कोणी दखल घेत नसेल आणि त्याला काही विचारले जात नसेल तर. पगार शिक्षकाला शाळेत आणतो. त्याला वर्गात जीव ओतायला लावणारी गोष्ट निराळी असते, आणि ती मुख्याध्यापकाच्या व चालकांच्या वागण्यातून येते.

कसोटीची वर्षे

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने संस्थेचे मोफत व निवासी हायस्कूल सुरू झाले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. १९५४ साली कऱ्हाडला गाडगेमहाराजांच्या नावाने कॉलेज झाले. आणि १९५५ साली पुन्हा शिक्षकांसाठीच, ह्या वेळी माध्यमिक शिक्षकांसाठी, आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. भाऊरावांनी संस्थेच्या कामाला वाहून घेणारे आजीव सेवक तयार केले. संस्था एका माणसाची राहू नये, ती शिक्षकांनीच चालवावी, हा त्यामागील विचार होता. साताऱ्यात संस्थेचे कायदा महाविद्यालय इस्माईलसाहेब मुल्ला यांच्या नावाने चालते. रयतेच्या अंगणात आपल्या समाजालाही मानाची जागा होती, ह्याची ती खूण आहे.

ह्या वाटचालीत मोठी कसोटीही आली. १९४८च्या सुमारास भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद करण्यात आले. हजारो मुले व शेकडो शिक्षक अवलंबून असलेल्या संस्थेला हा जबरदस्त धक्का होता. दुसरी एखादी संस्था कोलमडली असती. परंतु रयतेच्या शाळा बंद पडल्या नाहीत. लोकांनी मदत केली, कार्यकर्ते हलले नाहीत. पुढे अनुदान पूर्ववत झाले. चांगल्या दिवसांत शिक्षकांची निष्ठा कळत नाही. तिजोरी रिकामी असताना उद्या सकाळी शाळा भरते की नाही, तेव्हा कळते. आणि अशी निष्ठा त्या दिवशी मागून मिळत नाही, ती वर्षानुवर्षे आधी कमवून ठेवावी लागते.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या मास्तरांचा हा गौरव होता. ९ मे १९५९ रोजी अण्णांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यास आहे. त्यांनी लावलेल्या रोपाचा आज वटवृक्ष झाला असून वटवृक्ष हेच संस्थेचे बोधचिन्ह आहे. तिच्या शाळा-महाविद्यालयांच्या शेकडो शाखा महाराष्ट्रात व कर्नाटकातही पसरल्या आहेत.

आपण काय घ्यावे

पालक बंधु-भगिनींनो, हे चरित्र वाचून आपण काय करावे?

मोरिवली आणि अंबरनाथचा हा सारा परिसर कष्टकऱ्यांचा आहे. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा बाप आणि घरी चार पैशांचे काम करणारी आई, अशी आपली बहुतेक घरे. मुलाला शाळेत घातले, फी भरली, दप्तर घेतले, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आपल्याला वाटते. परंतु रयतेच्या गावकऱ्यांनी मास्तरांशी जे नाते ठेवले ते आपण ठेवतो का? निकाल खराब लागला की तक्रार घेऊन येणारे पालक पुष्कळ. आपल्या मुलाला वाचता येऊ लागले म्हणून पहिलीच्या बाईंना दोन शब्द बोलण्यासाठी पाच मिनिटे काढणारे किती? सलाम करून एवढेच म्हणा की बाई, तुमच्यामुळे माझी मुलगी दुकानाची पाटी वाचते. ह्याला एक पैसा लागत नाही, पण त्या शिक्षिकेचे पुढचे सहा महिने ह्या शब्दावर जातात.

मुख्याध्यापकांवर आज कागदांचा मोठा बोजा आहे. सरल आणि यू-डायसची माहिती भरता भरता दिवस मावळतो. तरीही दिवसातून एकदा एखाद्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन शांतपणे बसता येते. चुका काढण्यासाठी नाही, तर आपला शिक्षक कोठे झटतो आहे आणि कोठे अडला आहे, ते पाहण्यासाठी. नव्या शिक्षकाला जुन्या अनुभवी शिक्षकाच्या जोडीला देता येते. अपयश आले तर चारचौघांत बोलू नये, यश मिळाले तर चारचौघांत सांगावे. भाऊराव भाषणे कमी देत नसत, पण त्यांच्या फिरतीने जे काम केले ते भाषणांनी झाले नसते.

संस्थेच्या चालकांनाही एक नम्र विनंती. नवीन मजला चढवायचा की शिक्षकांचे वेतन वेळेवर द्यायचे, असा प्रश्न आला, तर वेतनाच्या बाजूने कौल द्यावा. नवीन वर्ग काढायचा तर आधी शिक्षक शोधावा, मग बाके मागवावीत. आणि आपल्याच वस्तीतल्या ज्या मुलामुलींना शिकविण्याची आवड आहे, त्यांना डी. एल. एड. वा बी. एड. करण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. उद्याचा शिक्षक आज आपल्याच एखाद्या वर्गात बसलेला आहे. त्याला ओळखले पाहिजे.

आपल्या परंपरेतही शिक्षकाचे मोल मोठे आहे. बद्रच्या लढाईनंतर जे कैदी लिहिणे-वाचणे जाणत होते, त्यांनी दहा-दहा मुलांना साक्षर करावे आणि मोकळे व्हावे, अशी व्यवस्था पैगंबरसाहेबांनी केल्याचे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. युद्धातील खंडणीऐवजी मुलांची अक्षरओळख घेतली गेली. शिकविण्याच्या कामाची किंमत ह्याहून अधिक कोणी केली असेल असे वाटत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांना डॉक्टर, इंजिनिअर व्हावेसे वाटते, ते योग्यच आहे. पण तुमच्यातल्या काहींनी शिक्षक व्हायचे ठरवा. नाइलाज म्हणून नको, दुसरे काही जमले नाही म्हणून नको. कुंभोजच्या ज्या मुलाला परीक्षांनी साथ दिली नाही, त्याने शिक्षक घडविले आणि त्या शिक्षकांनी सातारा जिल्ह्याच्या डोंगरात अक्षर पोहोचविले. आपल्या वस्तीतही अशी पुष्कळ घरे अजून वाट पाहत आहेत.

अल्लाह आपल्या संस्थेला असे शिक्षक आणि त्या शिक्षकांना जपणारे चालक देवो, आमीन.